नकली कॉइल

नर्सबाईंची गाडी सकाळी अकराच्या सुमाराला टोचन होऊन गॅरेजच्या फाटकातून आत आली, तेव्हा काका सुटे भाग आणायला बाहेर गेले होते. त्यामुळे ती आधी पाहिली ती ठिणगीने.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई कामाला जायची, म्हणून शाळा सुटली की ती काकांच्या गॅरेजमध्ये येऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एक पाना आडवा ठेवून पाहिला. धडाड आवाज झाला, पाना काळाठिक्कर पडला आणि काका हातातलं काम टाकून धावत आले. त्यांनी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, धड आहेत म्हटल्यावर तिथेच खाली बसले आणि पोट धरून हसले. "वहिनींच्या पोटी ठिणगी जन्माला आलीय!" तेव्हापासून ती ठिणगी. आता एकतीस वर्षांची झाली होती, गाडीतली कुठलीही तार कुठून निघून कुठे जाते हे डोळे मिटून सांगायची, तरी नाव तेच राहिलं.

गाडीची डावी बाजू चेपली होती. पुढचा दिवा फुटला होता आणि चाकात गवत अडकलं होतं. टोचनवाला साखळी सोडता सोडता म्हणाला, "वळणावर खाली गेली. बाईंचं मनगट मोडलंय. म्हणत होत्या, रस्त्यात दोन-तीन खळगे लागले आणि गाडीचं बूड उड्या मारत बाहेर निघालं."

"वेगात होत्या?"

"त्या बाई आणि वेगात? म्हाताऱ्यांच्या मलमपट्ट्या करत घरोघर फिरतात. मागच्या सीटवर औषधांचे डबे असतात त्यांचे."

बूड उड्या मारत बाहेर निघालं, हे ऐकून ठिणगी थबकली. दोन महिन्यांपूर्वीच काकांनी या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप बदलले होते. साधे नव्हेत, विजेवर चालणारे. साध्या शॉकअपमध्ये तेल असतं आणि ते बारीक भोकातून ये-जा करतं, म्हणून खड्ड्यातून गेलेली गाडी झोका न घेता स्थिर होते. या नव्या जातीत त्या भोकावर एक विजेचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गाडीतला कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो, आता मऊ, आता कडक. चालतो तोवर स्वर्ग. पण त्यातली कॉइल उन्हातान्हात, चिखलापाण्यात, चाकाशेजारी धक्के खात राहते. कधी ती जळते, कधी तेल तारेच्या आतून झिरपत प्लगपर्यंत चढतं, कधी व्हॉल्व्हच अडकून बसतो. मग कॉम्प्युटर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि उरलेले शॉकअप कडक करून टाकतो. गाडी दणके देते, पण रस्ता सोडत नाही.

ठिणगीने स्कॅनर लावला. एकही दोष नाही. चारही शॉकअप व्यवस्थित, असं पडद्यावर आलं.

मग ती गाडीच्या मागे गेली आणि काकांनी शिकवलं होतं तसं दोन्ही तळहातांनी मागचा कोपरा दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येते आणि थांबते. ही वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. चार वेळा. स्कॅनर एक सांगत होता, हात दुसरंच सांगत होते, आणि तिचा स्वतःच्या हातांवर जास्त भरवसा होता.

गाडी लिफ्टवर चढवली. खालून पाहिल्यावर काही शोधावं लागलंच नाही. मागचे दोन्ही शॉकअप जुनेच होते. गंजलेले, आणि सील फुटून वाहिलेल्या तेलावर धूळ बसून काळा लगदा झालेला. कॉम्प्युटरकडून येणारा प्लग त्यांना जोडलेलाच नव्हता. वायर वरती वळवून आत नेली होती. लिफ्ट खाली घेऊन, ती वायर कुठे जाते ते पाहत ती डिकीपर्यंत आली, बाजूचं अस्तर सोडवलं. आतून अस्तर करपून तपकिरी झालं होतं, आणि तिथे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या, बोटाएवढ्या दोन वस्तू पत्र्याला बांधून ठेवल्या होत्या.

तिने एकीची टेप उलगडली. आत पिवळी प्लॅस्टिकची नळी होती.

ती तिथेच डिकीच्या कडेवर बसली. ही नळी तिने स्वतःच्या हाताने चढवली होती.

मागच्या वर्षी काका म्हणाले होते, "ठिणगे, मला एक नकली कॉइल करून दे. दिवा लागलेली गाडी आली की वायरिंग मेलंय की शॉकअप, ते पटकन कळेल." मागणी रास्त होती. खऱ्या कॉइलऐवजी तेवढ्याच क्षमतेचा रेझिस्टर प्लगला लावला, की कॉम्प्युटरला वाटतं शॉकअप जागेवर आहे. दिवा विझला तर शॉकअप मेलेला, नाही विझला तर वायर. तिने हौसेने पाच जोड्या केल्या, प्रत्येक सांधा नीट सोल्डर केला आणि वरून मुद्दाम भडक पिवळी नळी चढवली. "ही तपासायची वस्तू आहे काका, गाडीत विसरून चालणार नाही. तापते. म्हणून पिवळी केलीय, लांबून दिसली पाहिजे." काकांनी ती सगळ्यांना दाखवली होती. आमच्या पोरीची करामत, म्हणून.

आणि मग त्या पिवळ्यावर कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. लांबून दिसू नये म्हणून.

दुपारी काका आले. फाटकातूनच त्यांनी लिफ्टवरची गाडी पाहिली आणि त्यांची चाल मंदावली. त्यांनी हातातलं खोकं टेबलावर ठेवलं, चष्मा काढून पुसला.

"बाई कशा आहेत?"

"मनगट मोडलंय. काका, हे तुम्ही लावलंत?"

"अगं, तात्पुरतं होतं ते."

"दोन महिने?"

"माल येईना! कंपनी म्हणते तीन महिने थांबा. बाई दारात उभ्या. त्यांना रोज पंधरा घरं करायची असतात. काय सांगू त्यांना, पायी जा?" ते घाईघाईने बोलत होते. "नवे आले की गपचूप बदलणार होतो. देवाशपथ."

"नवे आले होते काका. गेल्या महिन्यात एक जोडी आली, मीच खोकं उतरवून घेतलं."

ती जोडी त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाच्या गाडीला लावली होती, हे तिला तेव्हाही माहीत होतं. नर्सबाईंची त्याआधीच वेगळी आली असेल, असं ती धरून चालली होती. काकांच्या बाबतीत ती असंच खूप काही धरून चालायची.

"दिवा लागलेला राहिला असता तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "पुढचे कडक झाले असते. दणके बसले असते, पण बाई सांभाळून गेल्या असत्या. तुम्ही गाडीलाच खोटं सांगितलंत. पुढचे मऊ, मागचे मेलेले, आणि बिचारा कॉम्प्युटर समजतोय सगळं झकास."

"तीस वर्षांत माझ्या फाटकातून दिवा लागलेली गाडी बाहेर गेलेली नाही," काका म्हणाले. त्यांना अजूनही ते अभिमानाचं वाटत होतं.

मग ते जवळ आले, दबक्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी विम्याचा सर्व्हेयर येतोय. त्याच्या आत ते काढून टाक. तारा होत्या तशा जोड. शॉकअप अपघातात फुटले म्हणू."

"नाही करणार."

शेवटी काकांनी मान हलवली. "बरं. मीच सांगतो त्याला. माझी चूक, माझ्या तोंडाने सांगतो. तू मध्ये बोलू नकोस, एवढंच कर."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. हे तिचे काका होते. बापाच्या माघारी सायकल शिकवणारे, परीक्षेच्या दिवशी दारात गाडी घेऊन उभे राहणारे. चूक झाली, पण कबूल करताहेत. तिने अस्तर परत बसवलं, काही हलवलं नाही, काही लपवलं नाही, आणि घरी गेली. आईला एक शब्द सांगितला नाही.

सर्व्हेयर सकाळी दहाला आला. किडकिडीत, थकल्या चेहऱ्याचा, पण डोळे तरतरीत. त्याने फोटो काढले, खाली वाकून शॉकअप पाहिले, तेलाच्या लगद्यावर बोट फिरवलं, वर वळवलेल्या वायरचा माग काढला आणि सरळ डिकीकडे गेला. अस्तर काढून त्याने त्या दोन वस्तू पाहिल्या.

"हे काय?"

ठिणगीने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"त्याचं असं आहे साहेब," काका म्हणाले, "मी जुना माणूस. पाना-हातोडीवाला. विजेचं सगळं खातं माझ्या पुतणीकडे. या वस्तू तिनेच तयार केल्यात, विचारा हवं तर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हुशार आहे पोर, पण कधीकधी जास्तच डोकं चालवते. मला काल कळलं तेव्हा मीसुद्धा चक्रावलो."

हे सगळं ते अगदी शांतपणे बोलले. अडखळले नाहीत. तिला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. वाक्यं आधीच जुळवून ठेवलेली होती. काल दुपारी 'तू मध्ये बोलू नकोस' म्हणाले, तेव्हाच जुळवलेली असावीत.

रंगकाम करणारा मिस्त्री हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला.

सर्व्हेयर तिच्याकडे वळला. "तुम्ही केलंय हे?"

"तयार मी केलंय," ती म्हणाली. "तपासणीसाठी. गाडीत बसवलं मी नाही."

"कशावरून?"

तिने वाकून दुसऱ्या वस्तूचीही टेप सोडवली. "हे माझे सांधे. सोल्डर आणि वर नळी. आणि गाडीच्या वायरला जोडलंय ते बघा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलीय. मी पीळ मारत नाही, कधीच. आणि मी उजव्या हाताची. तुम्हीही एक वायर पिळून बघा."

सर्व्हेयरने खिशातल्या चार्जरची तुटकी वायर काढून बोटांत पिळली. मग गाडीतला पीळ पाहिला. तो उलट्या बाजूला वळलेला होता.

"इथे डावखुरं कोण आहे?" त्याने विचारलं.

काकांनी डाव्या हातात धरलेला पाना उजव्या हातात घेतला, आणि ते सर्वांनी पाहिलं.

पुढचं सगळं भराभर घडलं. सर्व्हेयरने लिहायचं ते लिहून नेलं. विमा कंपनीने गॅरेजचं नाव यादीतून काढलं आणि नर्सबाईंच्या बाजूने काकांना नोटीस आली. ठिणगीने त्याच दुपारी आपली अवजारांची पेटी उचलली. जाण्याआधी मात्र काकांसमोर कागद ठेवला.

"पाच जोड्या होत्या. एक इथे. उरलेल्या कुठल्या गाड्यांत आहेत, लिहा."

काकांनी तीन नावं लिहिली. "पाचवी कुठेतरी पडली असेल," म्हणाले. "ड्रॉवरमध्ये बघ."

ड्रॉवरमध्ये नव्हती. तिने तिघांना फोन केले. दोघं घाबरून लगेच आले. ओळखीच्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात तिने त्यांच्या गाड्यांमधून त्या वस्तू काढल्या, पिवळे दिवे लागू दिले आणि सांगितलं, नवे शॉकअप येईपर्यंत हळू चालवा. तिसरा अडून बसला. "दिवा कुठे लागलाय? चांगल्या चाललेल्या गाडीत बोटं घालायला मी सांगितलंय का?" तिने त्याला त्याच्याच गाडीचा कोपरा दाबायला लावला. गाडी डुलत राहिली आणि त्याचं तोंड बंद झालं.

मग ती नर्सबाईंच्या घरी गेली. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं, उजवा प्लॅस्टरमध्ये होता. घरात औषधांचे डबे भिंतीला लावून ठेवले होते. ठिणगीने न बसताच सगळं सांगून टाकलं, आपण केलेल्या वस्तूंसकट.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलं होतं गं त्यांना. गाडी बोटीसारखी डुलते म्हणून. ते म्हणाले, बाई, नव्या शॉकअपची सवय व्हायला वेळ लागतो. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल." त्यांनी प्लॅस्टरवरून हात फिरवला. "हाड जुळेल. पण मी त्यांच्यासमोर स्वतःला मूर्ख समजून गप्प बसले, ते मला जास्त खुपतंय. आणि तुझ्यावरही राग आहे माझा, खोटं कशाला बोलू? अशी वस्तू करून हातात दिलीस तर नंतर एकदा विचारायचंस, कुठे गेल्या म्हणून."

बाईंचं खरं होतं.

त्या शनिवारी आई वाचनालयातून परतली, गाडीतून उतरताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आईला पाठीचं दुखणं होतं. म्हणूनच काकांनी चार वर्षांपूर्वी ही जुनी पण मोठी, विजेच्या शॉकअपची गाडी मिळवली, स्वतः दुरुस्त केली आणि चावी आईच्या हातात दिली होती. "वहिनींच्या पाठीला धक्का लागता कामा नये," म्हणाले होते. आईला तेव्हा रडू आलं होतं.

"हल्ली जास्त दुखतं का गं?" ठिणगीने विचारलं.

"दुखत नाही तितकं. पण गाडी झोके देते. भावोजींना म्हटलं तर म्हणाले, वहिनी, तुम्हाला भास होतोय."

ठिणगीने हातातली पिशवी खाली ठेवली. गाडीच्या मागे गेली. कोपरा दाबून सोडला आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

डिकीचं अस्तर काढायला तिला दोन मिनिटं लागली. आईला काही विचारावं लागलं नाही, तिने मुलीचा चेहरा पाहिला आणि पायरीवर बसली.

ठिणगीने तिथूनच फोन लावला. काकांनी उचलला, पण हॅलो म्हणाले नाहीत.

"आईच्या गाडीत का, काका?"



"एका मोठ्या गिऱ्हाइकाला त्या गाडीचे चांगले शॉकअप काढून दिले होते," ते म्हणाले. "अडला होता बिचारा. वहिनी हळू चालवतात. त्यांना काय होणार होतं?"

तिने फोन बंद केला. काकांनी केसाने गळा कापला, असं कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर ती त्याच्याशी भांडली असती. इतकी वर्षं भांडलीच होती.

तिने ती जोडी काढली, जुने प्लग जागेवर लावले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आई उठली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "बस."

"कुठे जायचंय?"

"भावोजींकडे."

गाडी दणके देत, धीम्या गतीने गेली. गॅरेजचं फाटक अर्धं लोटलेलं होतं. काका एकटेच खुर्चीवर बसले होते, समोर रिकामी लिफ्ट. आईने गाडी आत नेली, इंजिन बंद केलं आणि चावी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"वहिनी, मी नवे मागवतो. उद्याच मागवतो," काका उभे राहत म्हणाले.

"नको. ही तुमच्याकडेच असू द्या," आई म्हणाली. "तुमच्या घरच्यांना यात बसवा, भावोजी. म्हणजे नीट दुरुस्त कराल."

काकांनी ठिणगीकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल, मध्ये पडेल, असं त्यांना वाटलं असावं. आजवर ती त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी मध्ये पडली होती. ती लिफ्टकडे पाहत राहिली.

परत दोघी पायी निघाल्या. आईची पाठ धरली होती, म्हणून दर कोपऱ्यावर थांबावं लागत होतं. एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्यावर आईने विचारलं, "फार राग आलाय का तुला?"

"राग असता तर बरं होतं," ठिणगी म्हणाली. "आई, गाडीचा कोपरा दाबून मोजायचं त्यांनीच शिकवलं मला. मला जे काही येतं ते सगळं त्यांचंच आहे. उद्या दुसरीकडे कामाला जाईन तेव्हाही तेच करणार. ते कुठे टाकून देऊ मी?"

आईने लेकीचा तेलकट हात आपल्या मांडीवर घेतला, बोटांची काळी नखं एकेक करून पदराने पुसायला लागली. डाग निघत नव्हते. तरी ती पुसत राहिली, आणि ठिणगीने हात ओढून घेतला नाही.